११.२ चं १२.० कसं झालं: वेबसाठी फिरतं पिकर बनवतानाचा अनुभव

दिवाळीच्या आधीची गोष्ट आहे. लातूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर, म्हणजे शेतकऱ्यांचा माल विकून देणाऱ्या दुकानात, मी बनवलेलं ॲप चालतं, आणि सोयाबीनची आवक जोरात होती म्हणून मी मुद्दाम दुकानात जाऊन बसले होते, मुनीमकाकांना एन्ट्री करताना कुठं अडतंय ते बघायला. तेवढ्यात औशाकडचे एक शेतकरी हातात पट्टी (मालाच्या हिशेबाची पावती) घेऊन परत आत आले. म्हणाले, "मीटरवर अकरा पॉइंट दोन होतं, मी सोत्ता उभं राहून बघितलंय, हितं बारा कसं आलं?" मुनीमकाकांनी पट्टी बघितली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "पोरी, मी तर त्या चाकाला हातबी लावला न्हाई."

बरोबर बोलत होते ते. चाक म्हणजे माझ्या ॲपमधलं आकडा निवडायचं फिरतं पिकर. त्याला हात लावला नाही, तरी १२.० सेव्ह झालं होतं.

ज्यांना आडतीची भाषा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सोयाबीनमधला ओलावा म्हणजे मॉइश्चर, त्याला आमच्याकडं सरळ "हवा" म्हणतात. हवा, माती, डागी (डाग पडलेले दाणे) या तीन गोष्टी बघून मालाचा भाव आणि कपात ठरते. या दुकानात १० हवा धरून सौदा होतो आणि त्याच्या वर जेवढे पॉइंट तेवढे टक्के वजनातून कापतात. त्या काकांचा माल होता २२ क्विंटल. ११.२ ला १.२ टक्के कापायला पाहिजे होते, १२.० मुळं २ टक्के कापले गेले. फरक ०.८ टक्क्याचा, म्हणजे १७ किलो ६०० ग्रॅम. त्या दिवशी भाव क्विंटलला ४२०० होता, म्हणजे सातशे एकोणचाळीस रुपये गेले असते त्यांचे, आणि ते माझ्या एका डिफॉल्ट व्हॅल्यूमुळं, म्हणजे मी आधीच लावून ठेवलेल्या आकड्यामुळं. पट्टी तिथंच रद्द करून नवी काढली, पैसे बरोबर मिळाले, पण त्या रात्री मला झोप आली नाही. कारण आधी अशा किती पट्ट्या गेल्या असतील ते कुणाला सांगता येणार होतं? दुसऱ्या दिवशी मालकांना सांगून त्या महिन्यातल्या १२.० वाल्या सगळ्या एन्ट्र्या मीटरच्या वहीशी ताडून बघितल्या, चार निघाल्या, त्या चौघांना फोन करून फरक दिला.

तर हे चाक मुळात आलं कुठून ते आता सुरुवातीपासून सांगते.

पिकर म्हणजे मोबाइलवर अलार्म लावताना तास आणि मिनिटांचं जे चाक बोटानं वरखाली फिरतं ते. आयफोनवर २००८ पासून ॲप बनवणाऱ्यांना ते तयार मिळतं, वेबवर मात्र तसं तयार काही नाही, ब्राउझर आपल्या मर्जीनं ड्रॉपडाउन किंवा नंबरचा बॉक्स दाखवतो. पहिल्या व्हर्जनमध्ये मी नंबरचा बॉक्सच दिला होता. त्यात दोन भानगडी व्हायच्या. एक तर बॉक्सला हात लावला की कीबोर्ड वर येऊन अर्धी स्क्रीन झाकायचा, आणि मुनीमकाकांच्या बोटाला दिवसभर सोयाबीनची धूळ असते, मग १२.५ टाकताना टिंब लागायचं नाही आणि १२५ जायचं. काकाच म्हणाले, "ते घड्याळात फिरतंय तसलं काही करता यील का?" मला आयडिया आवडली. चाकात चुकीचा आकडा मुळात नाहीच, ८ ते २० च्या बाहेर जाताच येत नाही, टिंबाचा प्रश्न नाही.

आधी तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला कोड, शोधली. एक बरी वाटली, दिसायला हुबेहूब आयफोनसारखी, पण बऱ्याच वर्षांत कुणी हात लावलेला नव्हता. क्रोमवर चालवली की चाक फिरायचं आणि सोबत मागचं पानही सरकायचं, आणि कन्सोलमध्ये लाल एररची रांग. कारण असं की २०१७ ला क्रोम ५६ पासून पूर्ण डॉक्युमेंटवर लावलेले टचचे लिसनर (बोट लागल्यावर चालणारा कोड) आपोआप पॅसिव्ह धरले जातात, म्हणजे तुम्ही कितीही प्रिव्हेंट-डिफॉल्ट, "पान सरकवू नको", म्हणा, ब्राउझर ऐकत नाही, तो पान सरकवतोच. लायब्ररी त्याच्या आधीच्या काळातली होती.

मग स्वतः लिहायला घेतलं, आणि इथं माझे तीन आठवडे गेले. बोट खाली टेकल्यापासून किती सरकलं ते मोजायचं, सोडताना शेवटच्या १०० मिलिसेकंदातला वेग काढायचा, आणि मग चाक हळूहळू थांबवायचं. आयफोनमध्ये नॉर्मल स्क्रोलिंगचा वेग दर मिलिसेकंदाला ०.९९८ पट होत जातो, तोच आकडा मी घेतला, म्हणजे एका फ्रेमला, साधारण १६ मिलिसेकंदाला, वेग सुमारे ९७ टक्के उरतो. वरून चाक गोल दिसावं म्हणून थ्रीडी. प्रत्येक ओळ २० डिग्रीनं वाकवलेली, एका फेरीत १८ ओळी, ओळीची उंची ४४ पिक्सेल असेल तर त्रिज्या येते १२५ पिक्सेलच्या आसपास. हे गणित वहीवर मांडताना मला लई भारी वाटलं होतं. माझ्या फोनवर चाक लोण्यासारखं फिरत होतं.

मुनीमकाकांच्या फोनवर अडखळत होतं. साधा स्वस्तातला फोन, त्यात फोटो आणि व्हॉट्सॲपनं मेमरी भरलेली. चाक धक्के खात थांबायचं, दोन ओळींच्या मधेच लटकायचं, आणि थ्रीडीमुळं कडेच्या ओळीतले आकडे पुसट दिसायचे. काका काही बोलले नाहीत पण दोन दिवसांनी बघते तर त्यांनी परत कागदावर लिहायला सुरू केलेलं आणि संध्याकाळी पुतण्याकडून एन्ट्री करून घेत होते. माणूस तक्रार करत नाही, वापरणंच बंद करतो, हे तेव्हा डोळ्यांनी बघितलं.

सगळं काढून टाकलं. तिसऱ्यांदा लिहिलं ते स्क्रोल-स्नॅपवर, म्हणजे स्क्रोल थांबताना ओळीवर आपोआप बसवण्याची ब्राउझरची सोय, आणि माझं आजही हेच म्हणणं आहे की वेबवर पिकर करायचं असेल तर इथूनच सुरू करा. साधा एक डबा घ्यायचा, त्याला उभं स्क्रोल द्यायचं, स्क्रोल-स्नॅप-टाइप मँडेटरी ठेवायचं आणि प्रत्येक ओळीला सेंटरला अलाइन करायचं. मग बोटाचा वेग, थांबणं, ओळीवर नीट बसणं, हे सगळं ब्राउझर करतो, आणि तो ते आपल्या जावास्क्रिप्टपेक्षा कितीतरी चांगलं करतो, स्वस्त फोनवरसुद्धा. क्रोममध्ये हे २०१८ पासून आहे, फायरफॉक्समध्ये २०१९ पासून, सफारीत त्याच्याही आधीपासून. पाच ओळी दिसायला पाहिजेत म्हणून डब्याची उंची २२०, आणि पहिली आणि शेवटची ओळसुद्धा मधे यावी म्हणून वर-खाली ८८ पिक्सेल पॅडिंग. कुठली ओळ मधे आहे ते काढायचं तर स्क्रोल किती झालं त्याला ४४ ने भागायचं आणि राउंड करायचं. बस. तीन आठवड्यांचा कोड गेला आणि दीडशे ओळींत काम झालं. ओव्हरस्क्रोल-बिहेवियर कंटेन दिलं की चाक टोकाला पोचल्यावर मागचं पान ओढलं जाणंही थांबतं.

पहिल्यांदा मी एकच चाक केलं होतं, ८.० ते २०.०, ०.१ च्या पायरीनं. म्हणजे १२१ ओळी. ४४ नं गुणा, ५३२४ पिक्सेल लांब. एवढं फिरवायला तीनचार झटके लागायचे आणि नेमका आकडा हुकायचा. मग दोन चाकं केली, एक पूर्णांकाचं तेरा ओळींचं आणि एक दशांशाचं दहा ओळींचं. काका मीटर वाचतातही तसंच, "अकरा... पॉइंट दोन". आणि आतून मी आकडे दशांशात ठेवतच नाही, ११.२ म्हणजे ११२ असा पूर्णांक ठेवते, कारण कॉम्प्युटरला ०.१ आणि ०.२ ची बेरीज सांगितली की तो ०.३०००००००००००००००४ म्हणतो आणि पट्टीवर असलं काही छापून आलं तर कुणाचा विश्वास बसणार.

आता त्या १२.० कडं येते.

चाकाचा एक स्वभाव आहे जो नंबरच्या बॉक्सला नाही. बॉक्स रिकामा असू शकतो. चाक कधीच रिकामं नसतं, ते नेहमी कुठल्या ना कुठल्या आकड्यावर उभं असतंच. मी विचार केला होता की बहुतेक माल १० ते १४ च्या मधे असतो तर चाक १२ वर उभं ठेवू, कमी फिरवावं लागेल. चांगल्या भावनेनं केलं होतं. आणि गर्दीत, बाहेर हमाल ओरडतायत, फोन वाजतोय, काकांनी वजन टाकलं, नाव टाकलं, सेव्ह दाबलं. चाकाला हात लागलाच नाही. ॲपच्या दृष्टीनं मात्र १२.० "निवडलेलं" होतं.

त्या रात्री मला एक गोष्ट कळली आणि पुढचं सगळं काम त्याच एका गोष्टीवर उभं आहे. चाक कुठं थांबलंय हे एक, आणि माणसानं काय ठरवलंय हे दुसरं. माझ्या कोडमध्ये या दोन्ही गोष्टी एकच होत्या. चाकाची जागा वाचायची, तीच व्हॅल्यू. मग त्या नजरेनं कोड परत वाचला तर जिथं जिथं बग होते किंवा होऊ शकत होते तिथं तिथं हेच सापडत गेलं.

एक एक करून सांगते. पान खाली सरकवताना बोट नेमकं चाकावर टेकलं तर पान सरकायच्या ऐवजी चाक फिरायचं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर माउसचं चाक फिरवतानाही तेच. म्हणजे माणसाला पान खाली न्यायचं होतं आणि हवा बदलली. यावर उपाय म्हणून चाक पानावरून काढलंच. पानावर आता फक्त एक बटण आहे, "हवा: --", ते दाबलं की खालून एक पॅनेल वर येतं, त्यात चाक असतं, आणि खाली मोठं बटण. त्या बटणावर नुसतं "ठरलं" लिहिलेलं नाही, चाक फिरेल तसा आकडा बटणावरच बदलतो, "११.२ ठरलं". जे बटणावर वाचलं तेच सेव्ह होणार, दुसरं काही नाही. हे मला सगळ्यात जास्त समाधान देणारं काम वाटतं या पूर्ण प्रकारात, आणि करायला वीस मिनिटं लागली.

दुसरं, थांबल्याचं कळणं. स्क्रोल-एंड नावाचा इव्हेंट (स्क्रोल थांबल्याचा ब्राउझरचा निरोप) फायरफॉक्स आणि क्रोममध्ये २०२३ ला आला, सफारीत बराच काळ नव्हता, म्हणून मी टायमर लावला होता, १२० मिलिसेकंद हालचाल नसेल तर थांबलं समजायचं. काका सवयीचे झाल्यावर इतक्या पटकन सेव्ह दाबायला लागले की टायमर संपायच्या आधीच बटण दाबलं जायचं आणि आधीचीच व्हॅल्यू जायची. आता बटण दाबलं की त्याच क्षणी चाक कुठं आहे ते परत मोजते, टायमरवर विसंबून राहत नाही.

तिसरं जरा लपलेलं होतं. खालून येणारं पॅनेल बंद असतं तेव्हा ते डिस्प्ले-नन असतं, आणि असल्या लपवलेल्या डब्याला स्क्रोल किती करायचं ते सांगितलं तर तो काहीच करत नाही, एररही देत नाही. म्हणजे जुनी एन्ट्री एडिट करायला उघडली, हवा १३.४, मी चाकाला सांगितलं १३ वर जा, ते लपलेलं असल्यामुळं शून्यावरच राहिलं, आणि उघडल्यावर दिसलं ८.०. कुणी न बघता ठरलं दाबलं असतं तर १३.४ चं ८.० झालं असतं. आता आधी पॅनेल उघडते, मग चाक जागेवर नेते, आणि तेही स्मूथ नाही तर एकदम, कारण स्मूथ नेलं की वाटेत नऊ, दहा, अकरा असे सगळे इव्हेंट सुटतात आणि ते माणसानं फिरवलेलं नसतं.

चौथं आकड्यांचं. काकांना मराठी आकडे पाहिजे होते, मलाही आवडतात. ब्राउझरला मराठी लोकेल (भाषेची सेटिंग) दिलं की तो आपणहून देवनागरी आकडे देतो, हिंदीला मात्र इंग्रजी आकडे देतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मी ओळीवर लिहिलेला आकडाच वाचून व्हॅल्यू काढत होते. इंग्रजी आकडे होते तोपर्यंत चाललं. देवनागरी केल्यावर "१२" चा नंबर करायला गेले की जावास्क्रिप्ट एनएएन ("हा आकडा नाही") देतो, आणि सर्व्हरला पाठवायला एनएएनचं जेसॉन केलं की ते गुपचूप नल, म्हणजे रिकामं, होतं. सर्व्हरवर अर्धा दिवस नल जात राहिले. ओळीवर काय लिहिलंय ते माणसासाठी आहे, व्हॅल्यू वेगळीकडं ठेवायची, हे इतकं साधं असून मी केलं नव्हतं.

आणि मूळ दुखणं, डिफॉल्ट. दोन्ही चाकांच्या वरती एक "--" ची ओळ टाकली आणि चाक तिथंच उभं ठेवलं. दोन्ही चाकं त्यावरून हलेपर्यंत बटणावर "हवा भरा" असं येतं आणि ते दाबलं जात नाही. याचा एक फायदा नंतर लक्षात आला, की वरची कुठलीही भानगड झाली, चाक चुकून शून्यावर राहिलं, तर आता शून्यावर ८.० नाही तर रिकामं आहे. चूक झालीच तर ती रिकामेपणात जाऊन पडते, कुणाच्या पट्टीवर नाही. काकांनी यावर दोन दिवस कुरकुर केली. "बारा पॉइंट शून्य असलं तरी शून्य फिरवायचंच का? उगं काम वाढवायलीस." मी म्हटलं हो काका, फिरवायचंच. त्या एका बाबतीत मी ऐकलं नाही. मालकांनीही माझी बाजू घेतली, चार जणांना फोन त्यांनीच केले होते.

इथपर्यंत हे एका दुकानाचं चाक होतं. दुसरीकडं वापरता येण्यासारखं झालं ते पुढं, आणि त्यासाठी दुसरीकडं खरंच वापरावं लागलं. आधी बसून "रियुजेबल" बनवायचा मी प्रयत्न केला होता, पंचवीस सेटिंग टाकल्या होत्या, त्यातल्या चार लागल्या.

दुसरं ठिकाण म्हणजे त्याच आडतीचा तालुका निवडायचा बॉक्स. लातूर जिल्ह्यात दहा तालुके. मालकांनी यादी दिली ती त्यांच्या आवकेच्या क्रमानं, लातूर, औसा, रेणापूर, शिरूर अनंतपाळ, निलंगा, चाकूर, पुढं बाकीचे. चाकात टाकली आणि निलंगा निवडलं की चाकूर सेव्ह व्हायला लागलं. उदगीर निवडलं की त्याच्या पुढचं. वरची नावं मात्र बरोबर. दोन तास डोकं लावलं. शेवटी काकांच्या फोनवर अक्षरं मोठी करून ठेवलेली होती हे दिसलं आणि त्यामुळं "शिरूर अनंतपाळ" दोन ओळीत तुटत होतं. ती एक ओळ ८८ पिक्सेलची झाली, आणि मी तर सरळ ४४ ने भागत होते, म्हणजे तिच्या खालचं प्रत्येक नाव एका घरानं पुढं सरकलं. आता भागाकार करत नाही, मधल्या रेषेच्या सगळ्यात जवळ कुठली ओळ आहे ते प्रत्यक्ष मोजते, आणि ओळीची उंची पिक्सेलमध्ये नाही तर अक्षराच्या साइजच्या पटीत ठेवते. लाइन-हाइटही वाढवली, कारण इंग्रजीला पुरते तेवढ्या उंचीत "हिंगोली" वरून कापलं जातं, अनुस्वार आणि वेलांटी निम्मी गायब. बाहेरच्या लायब्रऱ्यांत हे हमखास होतं, कारण बनवणाऱ्यानं मात्रा असलेली भाषा टाकून बघितलेलीच नसते. खरं सांगायचं तर दहा नावांसाठी चाक हा प्रकारच मला नंतर पटला नाही, साधी यादी बरी, सगळी नावं एकदम दिसतात. तालुक्याचं चाक काढून टाकलं. पण त्यानं चाक पक्कं करून दिलं.

वजनालाही चाक नाही दिलं. कुणीतरी २२४७ किलो चाकावर फिरवत बसावं हे बरोबर नाही. तारखेलाही नाही, फोनचा स्वतःचा तारखेचा बॉक्स चांगला आहे, ३१ जानेवारीवरून फेब्रुवारीला गेलं की काय करायचं याची चिंता त्याला करू द्या.

मग माझ्या चुलतबहिणीच्या अभ्यासिकेसाठी, कुठल्या वेळेला सीट पाहिजे ते निवडायला, हे लागलं. लातूरात अभ्यासिका किती आहेत ते इथल्यांना सांगायला नको. तिची सिस्टीम साधी पीएचपीची, माझं आडतीचं ॲप रिॲक्टचं, दोन्ही वेगळी तंत्रं. एकच चाक दोन्हीकडं चालायला पाहिजे म्हणून कस्टम एलिमेंट केलं, म्हणजे ब्राउझरला आपला स्वतःचा एक टॅग शिकवायचा. त्यात एलिमेंट-इंटर्नल्स नावाची सोय आहे, सफारीत ती २०२३ ला १६.४ मध्ये आल्यावर सगळीकडं झाली, तिच्यामुळं आपला टॅग साध्या फॉर्ममध्ये इनपुटसारखाच वागतो, व्हॅल्यू आपोआप सबमिट होते, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे "भरलेलं नाही" असं फॉर्मला सांगता येतं, फॉर्म पुढं जात नाही. रिॲक्टमध्ये जुन्या व्हर्जनला इव्हेंट हातानं जोडावे लागायचे, १९ व्या व्हर्जनपासून ते नीट झालं. इव्हेंट दोनच ठेवले. फिरत असताना इनपुट, ठरलं दाबल्यावर चेंज. सेव्ह करायचं ते फक्त चेंजवर.

अभ्यासिकेत एक मुलगा आहे, त्याला दिसत नाही, तो टॉकबॅकवर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) फोन वापरतो. त्यानं माझं चाक उघडलं आणि टॉकबॅक सहा, सव्वासहा, साडेसहा, पावणेसात असं प्रत्येक ओळ वाचत सुटला. मी त्याच्या शेजारी बसून ऐकत होते, तो न कंटाळता पुढं पुढं स्वाइप करत होता आणि मलाच कसंतरी झालं. मग चाकाला स्पिनबटणाचा रोल दिला, म्हणजे हा आकडा कमी-जास्त करायचा कंट्रोल आहे असं स्क्रीन रीडरला सांगितलं, ओळी स्क्रीन रीडरपासून लपवल्या, आणि व्हॅल्यू म्हणून "साडेसहा वाजता" असं पूर्ण वाचता येईल असं दिलं, कीबोर्डचे वर-खाली बाण, होम, एंड सगळं जोडलं. कॉम्प्युटरवर छान चाललं. त्याच्या फोनवर मात्र आकडा हलेना, टचवर टॉकबॅक असल्या बनवलेल्या कंट्रोलला बाणांच्या कीज पाठवेलच असं नसतं. शेवटी चाकाच्या वर आणि खाली दोन खरी बटणं दिली, एक अधिक एक वजा. त्यानं दोन मिनिटांत वेळ निवडली आणि म्हणाला, "दीदी, हे आधीच द्यायचं की." आधीच द्यायला पाहिजे होतं हे खरंय. ऑक्टोबर २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्येही (वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीचे नियम) तेच लिहिलंय, की जिथं ओढून काम होतं तिथं नुसतं दाबूनही झालं पाहिजे. आणि गंमत अशी की आडतीवर मुनीमकाकाही आता दशांशाचं चाक फिरवत नाहीत, ती बटणंच दाबतात, धुळीच्या बोटाला ते सोपं जातं.

तिसरं ठिकाण निलंग्याकडच्या एका गावातली दूध डेअरी. फॅट आणि एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग), दोन आकडे, दोन्ही दशांशात. गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ हा पाया धरून भाव लागतो आणि पॉइंटनं पैसे कमीजास्त होतात, म्हणजे आडतीसारखाच एका पॉइंटवर कुणाचातरी हिशेब. इथं मला चाकाच्या कोडला हातच लावावा लागला नाही. आकड्यांची रेंज दिली, नाव दिलं, रंग त्यांच्या ॲपचा दिला, झालं. पहाटे साडेपाचला मी स्वतः तिथं उभी होते, थंडीत कॅन घेऊन लोक रांगेत, डेअरीवाले मामा मशीनवरचा आकडा मोठ्यानं म्हणत होते, "तीन पॉइंट आठ", आणि बटणावर "३.८ ठरलं" वाचून मगच दाबत होते. रांगेतली माणसंही मान वाकवून बटण वाचत होती.

मामांनी एक मागणी केलीय जी अजून बाकी आहे. त्यांना पेट्रोल पंपाच्या आकड्यासारखं पाहिजे, म्हणजे दशांशात नऊच्या पुढं फिरवलं की परत शून्य यावं आणि शेजारचं चाक आपोआप एकानं पुढं जावं. न संपणारं चाक करायला यादी तीनदा मांडून मधल्या यादीत गुपचूप उडी मारावी लागते, तेवढं मी केलंय. पण दुसरं चाक आपोआप पुढं गेलं तर ते माणसानं हलवलेलं नाही, आणि "--" वर असेल तर त्यानं जागचं हलायचं की नाही? मी सध्या असं ठेवलंय की रिकामं असेल तर नाही हलणार, भरलेलं असेल तरच. जोरात उलटं फिरवलं की मधेच एक पॉइंट चुकतो, तो सापडलेला नाही. तोपर्यंत डेअरीवर जुनंच चालू राहू दे म्हटलंय.